टेस्ट राइड ओके

"आता चालतेय ना गाडी? मग झालं तर!"

माणसाचं तोंड बंद करणारं याच्याइतकं हुकमी वाक्य मराठीत दुसरं नसावं. गेल्या चार महिन्यांत मी ते इतक्या लोकांकडून ऐकलंय की आता कोणी नुसतं "चालतेय ना" म्हटलं तरी माझ्या डोक्यात तिडीक जाते. सर्व्हिस सेंटरवाल्याने म्हटलं, शेजारच्यांनी म्हटलं, ऑफिसातल्या मित्रांनी म्हटलं, बायकोने म्हटलं (तिला माफ आहे). आणि सगळ्यात वाईट म्हणजे मीसुद्धा ते म्हणतो. पगार घेऊन म्हणतो. त्यावर येतोच नंतर.

तर झालं असं.

नोव्हेंबरातला एक शनिवार. बाबांना घेऊन दादरला शिवाजी मंदिरात नाटकाला गेलो होतो. आत जायच्या आधी पंपावर टाकी फुल्ल केली. नाटक सुटून, बटाटावडा वगैरे खाऊन निघेपर्यंत साडेअकरा झाले. घर गिरगावात. रस्ता मोकळा होता म्हणून परळवरून लालबागचा उड्डाणपूल धरला. हा पूल २०११ साली सुरू झाला. जवळजवळ अडीच किलोमीटरचा, मध्ये ना सिग्नल, ना बाजूला थांबायला जागा. पुलाच्या बरोब्बर मध्यावर गाडीने दोन आचके दिले आणि ढुप्प.

माझी गाडी चौदा वर्षांची जुनी, कार्बोरेटरवाली. तिचा हेडलाइट आणि मागचा लाल दिवा इंजिन चालू असेल तरच पेटतो. म्हणजे इंजिन गेलं की दिवेही गेले. मागून पाण्याचा टँकर येत होता. त्याला आम्ही दिसलो ते अगदी शेवटच्या क्षणी. टायरचा तो करकरीत आवाज मला अजून झोपेत ऐकू येतो. माझा उजवा आरसा तुटून कुठे उडाला ते कळलंसुद्धा नाही, आणि बाबांच्या कोपराला खरचटण्यावर निभावलं. बाबा एकाहत्तर वर्षांचे आहेत.

मी काय केलं? सवयीने टाकीचं झाकण उघडलं, मोबाइलच्या उजेडात आत डोकावलो, पेट्रोल काठोकाठ. झाकण लावलं, सेल्फ मारला, आणि गाडी पहिल्या फटक्यात चालू! जणू काही झालंच नव्हतं. बाबा एवढंच म्हणाले, "काटा फुल्ल दाखवतोय की! आत काय बघतोस?" आणि घरी जिना चढताना म्हणाले, "पुढच्या वेळी टॅक्सी करू." त्या रात्रीनंतर ते माझ्या गाडीवर बसले नाहीत.

ही काही पहिली वेळ नव्हती. दसऱ्यानंतर आठ-दहा दिवसांनी हे सुरू झालं होतं. गाडी छान चालत असते, अचानक आचके देते, बंद पडते. दोनपाच मिनिटांनी परत चालू. मग चार दिवस काहीही नाही. ऑफिस लोअर परळला, त्यामुळे रोजचा रस्ता मुंबई सेंट्रल, सात रस्ता, ना. म. जोशी मार्ग. त्या ट्रॅफिकमध्ये गाडी एकदाही बंद पडली नाही. मोकळ्या रस्त्यावर मात्र हमखास दगा. म्हणजे जिथे बंद पडली तरी फार तर मागचा शिवी देईल तिथे चालते, आणि जिथे बंद पडली तर जीव जाईल तिथे पडते. वा रे गाडी!

आता सर्व्हिस सेंटर. नाव घेत नाही, कारण नाव घेऊन काही उपयोग नाही. तुमच्या नेहमीच्या सर्व्हिस सेंटरची पाटी मनात आणा, चालेल. तीन वेळा गेलो. पहिल्या वेळी कार्बोरेटर साफ केला आणि प्लग बदलला. दुसऱ्या वेळी एअर फिल्टर आणि पेट्रोलचा पाइप. तिसऱ्या वेळी, पुलावरच्या प्रकारानंतर, मी जरा आवाज चढवला म्हणून थेट सीडीआय युनिट बदललं. तिन्ही मिळून बिल रु. ६,८४०. आणि तिन्ही जॉब कार्डांवर खाली एकच शेरा: "टेस्ट राइड ओके."

मी तिथल्या अ‍ॅडव्हायजरला विचारलं, "अहो, पण नक्की काय झालं होतं?" तर म्हणाला, "सर, कचरा होता."

कचरा! भारतातल्या प्रत्येक बंद पडलेल्या इंजिनात कचरा असतो. माझ्या आजोबांच्या स्कूटरमध्येही कचराच होता. "कचरा" हे निदान नाही राव, ते विशेषण आहे. डॉक्टरने "तुमची तब्येत बिघडली होती" असं लिहून दोन हजार घेतले तर आपण देऊ का? आणि कचरा होता तर तो काढल्यावर पुढच्या रविवारी गाडी परत का बंद पडली? यावर त्याच्याकडे नवीन उत्तर तयार होतं. "पेट्रोलमधलं इथेनॉल, सर. आजकाल सगळ्या गाड्यांना तोच प्रॉब्लेम आहे."

हे इथेनॉल म्हणजे हल्लीचं नवं कचरा आहे. आता कोणी लगेच अंगावर येऊ नका. २०२३ पासून ई-२० पंपांवर यायला लागलं, २०२५ पर्यंत सरासरी वीस टक्के मिश्रणापर्यंत आपण पोचलो, आणि जुन्या गाडीवाल्यांना विचारणारं कोणी नव्हतं, हे सगळं मला मान्य आहे. इथेनॉल पाणी ओढून घेतं, पाणी जास्त झालं तर ते पेट्रोलपासून वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं, जुन्या रबरी पाइपांना आणि सीलना ते मानवत नाही, हेही खरं. पण जरा डोकं चालवा की! त्याच टाकीतलं, तेच पेट्रोल, सकाळी ट्रॅफिकमध्ये दीड तास सुरळीत जळतं आणि रात्री मोकळ्या पुलावर जळत नाही? पेट्रोलला काय उड्डाणपूल आवडत नाहीत? जे कारण सगळ्याच वेळी हजर असतं ते कधीकधी होणाऱ्या दुखण्याचं एकटं कारण असू शकत नाही. हे कळायला इंजिनियर व्हायची गरज नाही. पण आम्ही इंजिनियर झालो आणि तरी मी मान डोलावून सीडीआयचे पैसे दिले.

कधीकधी. सगळी गोम या एका शब्दात आहे. "कधीकधी होतं" असं आपण म्हणतो तेव्हा आपल्याला असं वाटतं की आपण गाडीबद्दल काहीतरी सांगतोय. प्रत्यक्षात आपण स्वतःबद्दल सांगत असतो. गाडीत कधीकधी असं काही नसतं. तिच्यात धातू, रबर, हवा आणि पेट्रोल असतं, आणि ते भौतिकशास्त्राला सुट्टी देत नाहीत. एखादी अट पूर्ण झाली की ती बंद पडते, प्रत्येक वेळी पडते. ती अट कुठली ते आपल्याला माहीत नसतं, म्हणून आपण कधीकधी म्हणतो.

असो. मला ही अट शोधून दिली ती लालबागच्या एका काकांनी.

काका बाबांच्या जुन्या ओळखीचे. मसाल्याच्या गल्लीपासून जवळच, एका चाळीच्या तोंडाशी त्यांचं गॅरेज आहे. गॅरेज म्हणजे काय, एक लाकडी पेटी, एक कंप्रेसर आणि दोन स्टुलं. एका गिरणीत बदली कामगार म्हणून लागून त्यांना जेमतेम वर्ष झालं होतं तेव्हा १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. गिरणीचा भोंगा परत काही त्यांच्यासाठी वाजला नाही. एका ओळखीच्याकडे पाने-स्क्रूड्रायव्हर पुसायला उभे राहिले ते आजपर्यंत याच धंद्यात. बाबाच म्हणाले, त्याच्याकडे जा, मीही येतो. (मी गाडीवरून, बाबा ट्रेनने चिंचपोकळीला. सांगितलं ना, बसत नाहीत ते.)

काकांनी गाडीला हातच लावला नाही. स्टूल ओढलं, चहा मागवला आणि प्रश्न विचारायला लागले. चालू केल्यावर किती वेळाने बंद पडते? सकाळी की रात्री? थंड असताना की गरम? एकदम बटण बंद केल्यासारखी जाते की आचके देत देत? मी म्हटलं, आचके देत. "म्हणजे करंट नाही, पेट्रोलच असणार," ते पुटपुटले, "पण बघू." मग विचारलं, "आठवड्यातून कुठल्या वारी?"

मला हसायला आलं. वार? गाडीला काय उपास असतो? पण फोन काढला. प्रत्येक वेळी गाडी बंद पडल्यावर मी बायकोला व्हॉट्सअ‍ॅपवर "उशीर होईल, गाडी बंद पडली" असं कळवलेलं होतं. सात मेसेज. चार शनिवारचे, दोन रविवारचे, एक सोमवारचा. बुधवार-गुरुवारचा एकही नाही! मी म्हटलं, सुट्टीच्या दिवशी मी लांब जातो ना, म्हणून. काका म्हणाले, "पेट्रोल कधी भरतोस?"

यूपीआयची हिस्टरी उघडली. पेट्रोलचं पेमेंट, बहुतेक सगळे शनिवार. सातातल्या सहा वेळा गाडी बंद पडली होती ती टाकी फुल्ल केल्यावर चोवीस तासांच्या आत. हे सगळं चार महिने माझ्याच खिशात होतं. दिवसभर दुसऱ्यांच्या लॉग फाइली वाचून पोट भरणारा माणूस मी, आणि स्वतःचा लॉग उघडून बघितला नाही.

पण खरा साक्षीदार वेगळाच निघाला. काकांनी बाबांना विचारलं, "तू मागे होतास ना? बंद पडल्यावर हा काय करतो?" बाबा म्हणाले, "काय करणार, झाकण उघडून आत बघतो. काटा फुल्ल असला तरी बघतो. सवयच आहे त्याला."

काका हसले. म्हणाले, "मग दुरुस्त तूच करतोयस की दर वेळी!"

मी सर्व्हिस सेंटरला तीन वेळा गेलो, पण मागे कोण बसलं होतं हे तिथे कोणी विचारलं नाही. विचारायला फॉर्मवर जागाच नाही. तिथे चौकोन असतात: ब्रेक, क्लच, इंजिन ऑइल, वॉशिंग.

मग काकांनी जे केलं ते मी डोळे फाडून बघत होतो. टाकीखालचा पाइप कार्बोरेटरपासून सोडवला आणि पाण्याच्या रिकाम्या बाटलीत घातला. (बाजूला कोणी विडी ओढत नाही ना ते आधी बघितलं. तुम्ही घरी करणार असाल तर हे विसरू नका, आणि खरं तर करूच नका.) टाकी भरलेली, झाकण घट्ट बंद. कॉक उघडला. पेट्रोलची चांगली करंगळीएवढी धार. मी मनात मोजत होतो. सात-आठ सेकंदांत धार बारीक झाली, मग दोऱ्याएवढी, मग नुसते थेंब. "आता झाकण उघड," काका म्हणाले. मी किल्ली फिरवली. फुस्स्! हवा आत शिरल्याचा स्वच्छ आवाज आला आणि बाटलीत परत करंगळीएवढी धार.

तीन वेळा करून दाखवलं. तिन्ही वेळा तसंच. रु. ६,८४० आणि चार महिन्यांत जे कोणाला घडवून आणता आलं नाही ते एका प्लॅस्टिकच्या बाटलीने दोन मिनिटांत घडवून दाखवलं.

कारण इतकं साधं आहे की लिहायला लाज वाटते. कार्बोरेटरवाल्या बाइकमध्ये पेट्रोल वरून खाली आपल्या वजनाने येतं, पंप वगैरे नसतो. जेवढं पेट्रोल खाली जाईल तेवढी हवा वर टाकीत शिरायला हवी, त्यासाठी झाकणात एक बारीकसा मार्ग ठेवलेला असतो. तो बुजला की टाकीत पोकळी तयार होते आणि पेट्रोल वरच अडकतं. पाण्याने भरलेल्या स्ट्रॉच्या वरच्या तोंडावर बोट दाबून ती उचलली तर खालून पाणी सांडत नाही, तेच. माझ्या झाकणातलं ते भोक पावसाळ्यातल्या चिखलाने अर्धं बुजलं होतं, आणि उरलेलं, हे ऐका, दसऱ्याला पूजेच्या आधी मी स्वतः हौसेने चोळलेल्या पॉलिशने! अगदी पूर्ण बंद नव्हतं. ट्रॅफिकमध्ये गाडी पेट्रोल कमी पिते, सिग्नलला थांबते, तेवढ्यात सुईच्या वाटेने थोडीथोडी हवा आत जाते, भागतं. मोकळ्या रस्त्यावर, मागे माणूस बसलेला, थ्रॉटल सतत उघडा, मग भागत नाही. कार्बोरेटरच्या वाटीतलं उरलंसुरलं पेट्रोल संपतं, आचके येतात, आणि ढुप्प. दोनपाच मिनिटं थांबलं की हवा झिरपते, गाडी चालू होते. मला वाटायचं इंजिन गार झालं म्हणून चालू होते. आणि मी तर थांबतही नव्हतो, झाकणच उघडत होतो.

टाकी फुल्ल असतानाच का? याचा हिशोब मी घरी येऊन केला, माझ्या समाधानासाठी. टाकीतलं पेट्रोल कार्बोरेटरच्या साधारण वीसेक सेंटिमीटर वर असतं. एवढ्या उंचीच्या पेट्रोलचा दाब म्हणजे हवेच्या दाबाच्या सुमारे दीड टक्का. म्हणजे टाकीतल्या हवेचा दाब दीड टक्क्याने उतरला की संपलं, पेट्रोल खाली येणार नाही. तेरा लिटरची टाकी काठोकाठ भरली तर वर हवा उरते जेमतेम अर्धा लिटर. तिचा दाब दीड टक्क्याने उतरवायला सात-आठ मिलिलिटर पेट्रोल खाली जाणं पुरे. टाकी अर्धी असेल तर वर साडेसहा लिटर हवा, मग शंभर मिलिलिटरच्या आसपास जावं लागतं. (पेट्रोलची वाफ, ऊन वगैरे मी सोडून दिलंय.) बारापट-तेरापट फरक! आणि सर्व्हिस सेंटरवाले काय सांगतात? गाडी देताना टाकीत पेट्रोल कमी ठेवा. मी गुरुवारी देत होतो, कारण शनिवारची अपॉइंटमेंट मिळत नाही. टाकी पाव, झाकण त्यांनी आधीच उघडलेलं, टेस्ट राइड गल्लीच्या टोकापर्यंत. ओके नाही येणार तर काय येणार?

आमच्या धंद्यात याला नाव आहे, हायझेनबग. बघायला गेलं की गायब होणारा बग. जिम ग्रे नावाच्या संगणकतज्ज्ञाने १९८५ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात हा शब्द वापरला, आणि चालू यंत्रणांमधले बरेचसे बग याच जातीचे असतात, परत सुरू केलं की चालतात, असं मांडलं. बँकेच्या सर्व्हरला ते ठीक आहे. एक प्रोसेस मेली, दुसरी उभी राहिली. लालबागच्या पुलावर दुसरी प्रोसेस नसते हो.

आता पैशांचं. काकांनी बारीक तार घालून, कंप्रेसरची हवा मारून भोक मोकळं केलं. काम अडीच मिनिटांचं. मी विचारलं किती झाले, तर डोकं खाजवत म्हणाले, "पार्ट तर काही बदलला नाही... पन्नास दे."

पन्नास! प्लग बदलणाऱ्याने घेतले होते त्याहून कमी. ज्याने चुकीचं अंदाजाने बदललं त्याला हजारो, आणि ज्याने बरोबर शोधलं त्याला चहाचे पैसे. आणि काकांना स्वतःलाच त्यापेक्षा जास्त मागायची लाज वाटत होती, कारण चाळीस वर्षांत गिऱ्हाइकांनी त्यांना हेच शिकवलंय. "नुसतं बघितलं तर बघण्याचे काय पैसे?" हे तुम्ही-आम्ही म्हणतो. पन्नास-साठ हजारांचा फोन हातात धरून म्हणतो. जुना पार्ट हातात दिला की आपल्याला बरं वाटतं, काहीतरी "झालं" असं वाटतं. "शोधण्याचे पाचशे" असं कोणी बिलात लिहिलं तर आपण भांडू, आणि घरी येऊन त्या दुकानाला एक तारा देऊ. मग मेकॅनिकने काय करावं? जे विकलं जातं तेच तो विकणार. आपण पार्ट विकत घेतो म्हणून तो पार्ट बदलतो. सर्व्हिस सेंटरमधल्या त्या पोरालाही दिवसाला किती गाड्या सोडल्या यावर मोजतात. त्याने माझ्या गाडीसमोर स्टूल टाकून अर्धा तास प्रश्न विचारत बसायचं ठरवलं असतं, तर संध्याकाळी त्याला सुपरवायझरच्या शिव्या पडल्या असत्या. त्याच्यावर चिडून मी माझा वेळ फुकट घालवला, हे मला उशिरा कळलं.

मोटारींच्या जगात याची किंमत माणसांनी मोजून झालेली आहे. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या कोबाल्ट वगैरे छोट्या गाड्या चालता चालता बंद पडायच्या. कधीकधी! खड्डा लागला, जड कीचेन लोंबकळलं, की इग्निशनची किल्ली आपोआप मागे फिरायची, कारण आतली स्प्रिंग नरम होती. इंजिन बंद, पॉवर स्टिअरिंग गायब, आणि धडक बसली तर एअरबॅगही उघडायची नाही. कंपनीने चालत्या गाडीचं बंद पडणं हे "ग्राहकाची गैरसोय" या खात्यात टाकलं होतं, सुरक्षिततेच्या नाही. २०१० साली जॉर्जिया राज्यातल्या एका तरुण नर्सने गाडी बंद पडते म्हणून डीलरकडे दाखवली. त्याने इंधनाची यंत्रणा साफ करून परत दिली. (म्हणजे काय? कचरा!) दुसऱ्याच दिवशी ती अपघातात गेली. पुढे तिच्या आईवडिलांच्या वकिलाने नेमलेल्या इंजिनियरने दोन स्विच उघडून शेजारी ठेवले तेव्हा कळलं की कंपनीने मधेच कधीतरी स्विच सुधारला होता, पण पार्ट नंबर तोच ठेवला होता. कोड बदलला, व्हर्जन नंबर नाही! त्यामुळे कंपनीच्याच तपास करणाऱ्यांना वर्षानुवर्षं कळेना की जुन्या गाड्यांत हे होतं आणि नव्यांत का नाही. कागदावर दोन्हीकडे तोच पार्ट. २०१४ साली पहिल्या फेरीत सुमारे २६ लाख गाड्या परत बोलावल्या. नुकसानभरपाई निधीने १२४ मृत्यू मान्य केले. अमेरिकी सरकारला कंपनीने २०१५ साली ९० कोटी डॉलर भरले.

एकशे चोवीस. "चालतेय ना आता" या वृत्तीची किंमत.

आता लगेच कोणीतरी म्हणेल, अरे बाबा तू जुनाट गाडी वापरतोस, आमच्या नव्या गाडीत असलं काही नसतं. एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं, कार्बोरेटर गेला, फ्युएल इंजेक्शन आलं, स्कॅनर लावला की कोड येतो. येतो ना. पण कोड इतकंच सांगतो की अमुक सेन्सरचं रीडिंग हद्दीबाहेर गेलं. का गेलं ते सांगत नाही. सेन्सर खराब, की वायर घासली, की कनेक्टरमध्ये पाणी गेलं? ऑफिसातल्या एकाने ऑक्सिजन सेन्सर दोनदा बदलला, शेवटी हँडल डावीकडे वळवलं की ताणली जाणारी एक वायर निघाली. दुसऱ्याची गाडी हिंदमाताच्या पाण्यातून गेल्यापासून खड्ड्यात बंद पडायची. साइड स्टँडच्या स्विचमध्ये माती. स्टँड खाली आहे असं गाडीला क्षणभर वाटायचं आणि ती इमानदारीत इंजिन बंद करायची. कोड शून्य, कारण गाडीच्या मते सगळं बरोबरच होतं. इलेक्ट्रिक घेतली तरी कनेक्टर आणि वायर आहेतच की. टाकी गेली म्हणून "कधीकधी" जात नाही. उलट आता हुडकायला स्टूल टाकून बसणारा काका नाही, लॅपटॉप लावून बसलेला मुलगा आहे, आणि लॅपटॉपने काही नाही म्हटलं की तोही काही नाही म्हणतो.

आणि आता मी. मी शिव्या देतोय त्या रांगेत मीही उभा आहे. आमचं सॉफ्टवेअर छोट्या दुकानदारांच्या बिलिंगचं आहे. एका दुकानदाराची वर्षभरात तीनदा तक्रार आली की कधीकधी बिल दोनदा छापलं जातं. तिन्ही वेळा मी माझ्या मशीनवर चालवून बघितलं, एकदाच छापलं गेलं. तिन्ही वेळा मी लिहिलं, "रिप्रोड्यूस होत नाही", आणि तिकीट बंद. महिन्याच्या आकड्यात माझी तीन बंद तिकिटं जमा झाली, मॅनेजर खूश. परवा लालबागहून आल्यावर ती तक्रार मी परत उघडून वाचली. त्या माणसाने तिन्ही वेळा मोडक्या इंग्रजीत लिहिलंय की हे दुपारनंतरच होतं. तिन्ही वेळा! मी एकदाही त्याला फोन करून विचारलं नाही की बाबा रे, दुपारनंतर तुझ्या दुकानात काय बदलतं? दुसरा मुलगा काउंटरवर बसतो का? वीज जाते का? प्रिंटरचा कागद संपतो का?

सोमवारी त्याला फोन लावणार आहे. बग मिळेल की नाही ठाऊक नाही. मॅनेजरने आधीच विचारलंय, बंद तिकीट परत उघडल्याने आपला आकडा खराब होतो, त्याचं काय?

काकांना मी पाचशे दिले. घेत नव्हते, बाबांनी दम दिला तेव्हा घेतले. म्हणाले, मेअखेर हे सगळं जाणार. चाळ रिकामी होतेय, टॉवर होणार, गॅरेजला कागदावर काही जागा नाही. पोरगा कुरिअरमध्ये आहे, त्याला यात पडायचं नाही. मी विचारलं, मग तुम्ही काय करणार? "बघू," म्हणाले, आणि पुढच्या स्कूटरवाल्याला विचारायला लागले, आवाज कधी येतो, चढावर की उतारावर?

काल रात्री टाकी फुल्ल करून लालबागच्या पुलावरून तीन फेऱ्या मारल्या. एकटाच. एक आचका नाही. आज सकाळी बाबांना म्हटलं, चला, दादरला नाटक आहे, गाडी एकदम ओके आहे.

"कोणी सांगितलं ओके आहे?" बाबा म्हणाले.

टॅक्सीने जातोय.